एक छोटीशी दुरुस्ती

"पुढचा तक्ता," तपासनीस म्हणाले, आणि मोठ्या साहेबांचा डोळा लागला.

तसं ते कुणाच्या ध्यानात आलं नसतं. साहेबांना ताठ बसून झोपायची सवय होती. पण आज त्यांच्या बोटांतलं पेन सुटलं आणि टेबलावरून घरंगळत खरेदीप्रमुखांपाशी जाऊन थांबलं. खरेदीप्रमुखांनी ते उचललं, हळूच साहेबांच्या बोटांत परत ठेवलं आणि तपासनीसांना खूण केली, चालू द्या तुमचं.

तपासनीसांनी चालू ठेवलं. भिंतीवर घडीच्या शिडीची मधली पट्टी होती आणि तिच्यावरच्या भाराची तांबडी रेघ होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की शिडीवर चढलेला माणूस बाजूला झुकला की ही पट्टी वर उचलली जाते आणि शिडी कात्रीसारखी मिटते. तिथे बोटभर खिटी बसवली की मिटत नाही. नव्या घरगुती शिडीला ती खिटी हवी. एका वाक्यात संपलं असतं. पण तपासनीसांचं नमनालाच घडाभर तेल जायचं. त्यांनी सुरुवात केली होती ती धातूच्या गुणधर्मांपासून, आणि खिटी यायला अजून बराच अवकाश होता.

"बाजूला झुकू नये, असं आपण शिडीवर छापलंय की," खरेदीप्रमुख म्हणाले. "चांगलं मोठ्या अक्षरात."

"एक छोटीशी दुरुस्ती," तपासनीस म्हणाले. "अक्षरं मोठी नाहीत. आणि ती सर्वांत वरच्या पायरीच्या खालच्या बाजूला आहेत. पडताना वाचता येतात."

सगळे हसले. तपासनीसांना मात्र हसण्यासारखं काय झालं ते कळलं नाही. हसण्याच्या आवाजाने साहेब जागे झाले आणि म्हणाले, "छान! मग ठरलं ना? काय ठरलं?"

काहीच ठरलं नव्हतं. मागच्या खेपेलाही ठरलं नव्हतं.

'एक छोटीशी दुरुस्ती' हे तपासनीसांचं पालुपद होतं. शिड्यांच्या कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं, आणि त्याबद्दलच त्यांना पगार मिळत होता. एखादी पायरी केसभर तिरकी असली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. अडचण अशी, की ही नजर संध्याकाळी कारखान्यात ठेवून येता येत नाही. ती घरीही यायची, चहा प्यायची, आणि कुणी काही सांगायला लागलं की दुरुस्ती करायची. कारखान्यात त्यांना पाठीमागे 'दुरुस्तीकाका' म्हणत. घरी नुसतंच 'अहो' म्हणत, पण त्या 'अहो'मध्ये सगळं यायचं.

सभा संपल्यावर जाहिरात विभागातल्या नव्या मॅडमनी त्यांना मार्गिकेत गाठलं. वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, पण चालताना मागे वाऱ्याची झुळूक सोडणाऱ्या.

"काका, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण कुणी ऐकलंच नाही हो."

"मी सगळे आकडे दिले होते."

"तेच ना! आकडे सगळे दिलेत, माणूस एकही दिला नाहीत. शिडीवर चढलेला एक तरी माणूस दाखवा की. कोण चढलं, कशाला चढलं, मग काय झालं. गोष्ट सांगा."

"गोष्ट? साहेबांना?"

"साहेबांनाच तर सांगायची. आकडे ऐकताना माणूस झोपतो, पण 'मग काय झालं' म्हटलं की कुणी झोपत नाही. शुक्रवारी नव्या शिडीचा साचा पक्का होतोय. एकदा झाला की बदलायचा नाही. त्याआधी मी तुम्हाला दहा मिनिटं मिळवून देते. पण खरी गोष्ट सांगा हं. रचलेली लगेच कळते."

"रचलेली मला येतच नाही."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय," मॅडम हसल्या. "ओळखीत कुणी पडलंय का शिडीवरून?"

तपासनीस भिंतीला टेकवलेल्या शिड्यांकडे बघत राहिले. "बघतो," म्हणाले.

आता यात बघायचं काय होतं! त्यांची बायकोच पडली होती. तीही ह्याच कारखान्याच्या शिडीवरून, स्वतः तपासनीसांनी तपासून, शिक्का मारून घरी आणलेल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बाई खिडकीला नवे पडदे लावायला चढली होती. दांडीच्या टोकाला हात पोचेना म्हणून जराशी झुकली, शिडी मिटली, आणि ती पडद्याला लोंबकळत राहिली. पडदा जाड होता. तो एकदम फाटला नाही, वरून खाली सावकाश चरचरत गेला. खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. पडदे त्यानेच शिवलेले. आवाज ऐकून तो धावत वर आला, आणि बाईकडे बघायच्या आधी त्याने पडदा उलटसुलट करून पाहिला नि म्हणाला, "वहिनी, कापड गेलं. पण शिवण बघा, शिवण तशीच्या तशी!"

ही गोष्ट त्या काळी सगळ्या आप्तेष्टांत गाजली. बाईची सांगण्याची हातोटीच तशी. ती शिंपी व्हायची, पडदा व्हायची, शिडीसुद्धा व्हायची. माणसं पोट धरून हसायची. फक्त तपासनीस हसायचे नाहीत. "सहा पायऱ्यांची नव्हती, पाच पायऱ्यांची," असं ते मध्येच म्हणायचे. "हिरवा नव्हता, मोरपंखी होता." आणि एकदा पाहुणे गेल्यावर त्यांनी बायकोला स्पष्टच सांगितलं, "अगं, मी शिड्या तपासणारा माणूस. माझीच बायको शिडीवरून पडली हे गावभर कशाला? लोक काय म्हणतील!"

तिने सांगणं बंद केलं. वाद नाही, रुसवा नाही, गोष्ट बंद झाली, एवढंच. तपासनीसांना वाटलं, बरं झालं, पटलं एकदाचं.

त्या संध्याकाळी ते घरी जायच्या आधी शिंप्याच्या दुकानात शिरले. बायकोकडे तोंड उघडायचं जिवावर आलं होतं, म्हणून म्हटलं गोष्ट इथेच मिळाली तर बरी.

"तो पडद्याचा किस्सा आठवतो का हो तुम्हाला?"

"आठवतो म्हणजे!" शिंप्याने यंत्र थांबवलं. "दुहेरी टीप मारली होती मी. एक टाका हलला नाही. अहो, आख्खं माणूस पेललं त्या शिवणीनं!"

"ते झालंच. पण आधी काय झालं?"

"आधीचं मला काय ठाऊक? मी शिवणीपुरता. गोष्ट वहिनींची." शिंप्याने चष्मा कपाळावर चढवला. "काय सांगायच्या हो! पूर्वी दुकानात आल्या की गिऱ्हाईक जागचं हलायचं नाही. माझा कात्रीचा हात थांबायचा. आता येतात, माप देतात, जातात. मी एकदा विचारलं, वहिनी, बरं नाही का? तर म्हणाल्या, बरंय की. सांगण्यासारखं काही नाही."

तपासनीस दुकानातून बाहेर पडले. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांना घर शांत झाल्याचं कळलं नव्हतं, आणि ते खालच्या मजल्यावर शिंप्याला कळलं होतं. ही चूक त्यांच्या नजरेतून कशी सुटली ते त्यांना समजेना. जिना चढताना त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटल्यावर काय करायचं असतं ते त्यांना येत नव्हतं.

बायको ओट्याशी भांडी विसळत होती. त्यांनी सभेची, मॅडमची, शुक्रवारची सगळी हकिगत क्रमवार सांगितली आणि शेवटी घसा साफ करून म्हणाले, "तर ती तुझी पडद्याची गोष्ट मला हवी होती."

"माझी कुठली गोष्ट? मला गोष्टी येत नाहीत."

"अगं, असं काय करतेस?"

"खरंच येत नाहीत. मी चुका सांगते. पायऱ्या चुकतात माझ्या, रंग चुकतात." तिने डाव्या हाताने नळ बंद केला. "तुम्हाला सगळं अचूक पाठ आहे. तुम्हीच सांगा की."

सूर चढलेला नव्हता. चढला असता तर तपासनीसांना सोपं गेलं असतं.

मग काय, तपासनीस तयारीला लागले. रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "सदर घटना मंगळवारी घडली. शिडी पाच पायऱ्यांची, घडीची, रंग राखाडी. पडद्याचे कापड जाड प्रतीचे. चढणारी व्यक्ती, म्हणजे माझी पत्नी, मध्यम बांध्याची." पहिल्या दिवशी बायको आतून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती दाराशी आली. तिसऱ्या दिवशी 'सदर घटना' सुरू झाली आणि तिचा धीर सुटला.

"अहो, असं नाही हो! ही काय चोरीची फिर्याद आहे? साहेब घोरतील! सरका बघू बाजूला."

तपासनीस बाजूला सरकले.

"आधी दांडी. दांडीचं ते टोक," तिने हात लांब केला, "एवढं, एवढंस्सं राहिलंय. उतरून शिडी सरकवावी, हे कळतंय मला. पण आपण काय म्हणतो? आता एवढ्यासाठी कुठे उतरायचं! म्हणतो की नाही? सगळेच म्हणतात. मग मी गेले झुकत. आणि खालून शिडी म्हणाली, बाई, येते मी!"

तपासनीसांनी खिशातून कागद काढला.

"लिहू नका. ऐका."

त्यांनी कागद ठेवला. आणि त्या दिवशी, निव्वळ गरजेपोटी का होईना, त्यांनी बायकोची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मध्ये न बोलता ऐकली. शिडी तिने सहाच पायऱ्यांची केली. पडदा हिरवाच ठेवला. शिंप्याला तर तिने पडद्याची नाडी तपासायला लावली. "शिवण तशीच्या तशी!" ती शिंप्याच्या आवाजात ओरडली, आणि तपासनीसांना हसू फुटलं. आधी ते नाकातून हसले, मग खुर्चीत बसून, मग डोळे पुसत. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. त्या गोष्टीला हा एक प्रेक्षक आजवर हसला नव्हता.

"आणि पडद्यानं मला अलगद खाली सोडलं, पाहुण्याला पाटावर बसवावं तसं!" तिने शेवट केला.

"अलगद कुठे? मनगट मोडलं की तुझं."

निघून गेलं तोंडातून. सवयच ती. पण ती चिडली नाही.

"ते गोष्टीत नसतं," ती पदर सावरत म्हणाली. "लोकांना हसवायचं असतं हो. मनगट कशाला मध्ये आणायचं?"

शुक्रवार उजाडला. सभेत माणसं तीच, साहेबांचं पेनही तेच. तपासनीस भिंतीसमोर उभे राहिले, पण भिंत कोरी होती. मॅडमनी त्यांना तक्ते आणूच दिले नव्हते. हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. शेवटी त्यांनी कोपऱ्यातली नमुन्याची शिडी ओढून घेतली आणि तिला धरून उभे राहिले.

"माझी बायको आपल्या शिडीवरून पडली," ते म्हणाले.

खरेदीप्रमुखांनी मोबाइल खाली ठेवला. साहेबांनी मान वर केली.

"पडदे लावत होती. दांडीचं टोक एवढंसं राहिलं होतं. उतरून शिडी सरकवायची हे तिला कळत होतं. पण आपण काय म्हणतो? एवढ्यासाठी कुठे उतरायचं. म्हणतो की नाही?"

"म्हणतो," साहेब म्हणाले. ते अगदी नकळत म्हणाले.

तपासनीसांना बायकोसारखं सांगता येणार नव्हतंच. त्यांचा शिंपी शिंप्यासारखा झाला नाही, आणि 'बाई, येते मी' हे त्यांनी सूचना वाचावी तसं म्हटलं. पण त्यामुळेच की काय, लोकांना जास्त हसू आलं. शिवण तशीच्या तशी राहिली तेव्हा मॅडम रुमालात तोंड खुपसून बसल्या होत्या आणि साहेबांनी टेबलावर थाप मारली. गोष्ट संपली. पडद्याने बाईला अलगद खाली सोडलं.

बायकोने सांगितलेली गोष्ट इथेच संपत होती. तपासनीस खाली बसले असते तरी चाललं असतं. पण ते उभेच राहिले.

"एक छोटीशी दुरुस्ती," ते म्हणाले.

सगळ्यांना पुन्हा हसू आलं. आता पायऱ्यांची संख्या ऐकायची तयारी सर्वांनी केली.

"अलगद नाही सोडलं. उजवं मनगट मोडलं तिचं. ते जुळलं, पण पुरतं वळत नाही. ती नळ डाव्या हातानं बंद करते. दाराची कडी डाव्या हातानं लावते. मला वाटायचं, सवय झाली असेल. गोष्ट सांगताना हे ती कधीच सांगत नाही, कारण लोकांची मजा जाते."  त्यांनी नमुन्याच्या शिडीची मधली पट्टी एका बोटाने वर ढकलली. ती आवाज न करता उचलली गेली आणि शिडी मिटायला लागली. त्यांनी ती धरली. "ती शिडी मीच तपासली होती. तपासणीत ती पास होती. कारण खिटी पाहिजे, असं आपल्या नियमात कुठे लिहिलेलंच नाही. माझं म्हणणं झालं."

 साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आता कशा आहेत त्या?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत. माझ्या चुका काढतात हल्ली."

"खिटी बसवा," साहेब म्हणाले. "साचा थांबवा आणि आधी खिटी बसवा." मग खरेदीप्रमुखांकडे वळून, "तुमचं काही म्हणणं?"

"नाही," खरेदीप्रमुख म्हणाले. मग हळूच तपासनीसांकडे झुकून, "आमच्या घरी पण हीच शिडी आहे हो. मंडळी सारखी वर चढतात. तूर्त दोरीने बांधली तर चालेल का?"

संध्याकाळी घरी आल्यावर तपासनीसांनी बायकोला सगळं सांगितलं, अर्थात मुद्देसूद. मनगटाचं सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरला. "तू नको म्हणाली होतीस. मी सांगून टाकलं."

तिने उठून ओट्यावरची भांडी मांडायला घेतली. तपासनीसांना वाटलं, झालं, पुन्हा बंद.

"मग?" ती म्हणाली. "साहेबांचं तोंड कसं झालं?"

"तोंड? म्हणजे काय, चष्मा पुसला त्यांनी."

"आणि तो खरेदीवाला?"

"त्यानं दोरीचं विचारलं."

"अहो, नीट सांगा ना! बसला होता की उभा होता? हळू विचारलं की मोठ्यानं?"

तपासनीसांना जमेल तसं त्यांनी सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती, मनातल्या मनात रंग भरत असावी.

पुढे खिटीच्या शिड्या निघाल्या. त्यांतली एक तपासनीस घरी घेऊन आले. तो रविवार होता. बायकोने नवे पडदे शिवून घेतले होते, आणि ते लटकवल्यावर कसे दिसतात हे बघायला शिंपी जातीने वर आला होता. तपासनीसांनी शिडी उघडली. मधल्या पट्टीवर खिटी टकदिशी बसली. त्यांनी ती दोनदा हलवून पाहिली आणि म्हणाले, "मी चढतो."

"तुम्ही कशाला? गोष्ट माझी आहे," ती म्हणाली आणि पडदा खांद्यावर टाकून चढलीसुद्धा.

पडद्याची एकेक कडी दांडीवर सरकवता सरकवता तिने शिंप्याला सभेची हकिगत सांगायला घेतली. सभेला ती नव्हती, पण त्याने काय अडतंय!

"एवढं मोठं दालन! पन्नास माणसं बसलेली. सगळे सुटाबुटात. आणि हे एकटे पुढे, हातात शिडी घेऊन. कुणाची शामत आहे झोपायची! तुमची शिवण आली तेव्हा पन्नासच्या पन्नास माणसं उठून टाळ्या वाजवत होती."

"माझ्या शिवणीला?" शिंपी म्हणाला.

"तर! आणि मग ह्यांनी मनगटाचं सांगितलं." पहिल्यांदाच ते गोष्टीत आलं होतं. तिने उजवा हात दांडीवरून काढला आणि वळेल तेवढा वळवून शिंप्याला दाखवला. "साहेब धाय मोकलून रडले हो! त्यांना पाणी द्यावं लागलं."

 शिंप्याने तपासनीसांकडे पाहिलं. सगळ्या आळीला ठाऊक होतं, पक्का आकडा कुणाला विचारायचा.

"खरंच पन्नास माणसं होती?"

तपासनीसांना ते दालन दिसत होतं. खुर्च्या नऊ होत्या आणि त्यांतल्या दोन रिकाम्या होत्या. कुणी उठलं नव्हतं, कुणी रडलं नव्हतं. पाणी तर त्या दिवशी शिपाई द्यायलाच विसरला होता. वर बायको थांबली होती. हातातली कडी तिने दांडीवर चढवली नव्हती. ती खाली वळून बघत नव्हती, पण वाट बघत होती.

"पन्नास?" तपासनीस म्हणाले. "जास्तच असतील. काही जण मागे उभे होते."

वरून हसण्याचा आवाज आला, आणि कडी दांडीवर सरकली.

"बघा!" ती शिंप्याला म्हणाली. "तर मग पुढे काय झालं..." आणि शेवटची कडी घालायला ती दांडीच्या टोकाकडे जराशी झुकली. खिटी पक्की बसलेली होती. तरी तपासनीसांनी शिडी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि पुढचं ऐकू लागले.